देवमनकाकांची गाडी भरल्याशिवाय हलत नाही

आमच्या शेजारचे देवमनकाका शेलूबाजार ते वाशीम जीप चालवतात, आणि ती भरल्याशिवाय हलवत नाहीत. भरणे म्हणजे तुम्हाला वाटते तसे नव्हे. सीटवर माणसे, मांडीवर पोरे, मागच्या पायरीवर दोघे लटकलेले, एवढे झाले की काका खाली उतरतात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि म्हणतात, "अजून एक पाय मावते."

अख्खा माणूस नव्हे, पाय. बाकीच्या माणसाचे काय करायचे ते त्या माणसाने बघावे.

एकदा गाडीत नवरदेव बसला होता. मुहूर्त टळायची वेळ आली, तरी काका एका सवारीसाठी अडून. नवरदेवाचा बाप ओरडला, "काहून थांबले बाप्पा? लगन लागून जाईन ना तिकडं!"

"नवरदेव तं इथं हाय," काका शांतपणे म्हणाले. "त्याच्याबिगर कोनाचं लागन?"

शेवटी बापाने रस्त्याने चाललेल्या एका माणसाला धरून आणून बसवले. त्याला वाशीमला जायचेच नव्हते. तो गेला, पोटभर जेवला आणि संध्याकाळी काकांच्याच गाडीने परत आला.

कोणी फारच चिडले की काकांचे उत्तर ठरलेले: "भरू दे ना माय. रिकामी गाडी लय वाजते." काकू जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. एकटा जीव, तरी एक सवारी सोडत नाही, असे स्टँडवरचे लोक म्हणत. मलाही तसेच वाटायचे.

आज मी फार्मासिस्ट आहे, पण त्याआधी काही दिवस बी.एस्सी.ची विद्यार्थिनी होते. बारावीत गुण बेताचे पडले, म्हणून वाशीमच्या एका कॉलेजात नाव घातले, फी भरली. तेवढ्यात श्रेणीसुधारच्या परीक्षेचा निकाल लागला. गुण इतके वाढले होते की आईने मला माझेच नाव पुन्हा वाचून दाखवायला लावले. त्या गुणांवर रिसोडकडच्या एका कॉलेजात डी.फार्मसीला जागा लागली. हजर व्हायला दोन दिवस, त्यातला एक सुट्टीचा. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत जुन्या कॉलेजचा दाखला आणि नवी फी घेऊन पोचायचे, नाहीतर जागा दुसऱ्याची. घरात दुसऱ्यांदा फी भरण्याची ऐपत नव्हती. बी.एस्सी.ची फी परत मिळाली तरच फार्मसी.

कॉलेजची पायरी चढलेली घरात मीच पहिली. म्हणून बाबांनी सोबतीला कॉलेजची माहिती असलेला माणूस शोधला. देवमनकाका रोज त्या कॉलेजसमोरून जीप नेत. एवढी माहिती आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाला नव्हती.

आम्ही सकाळी निघालो, म्हणजे सकाळी गाडीत बसलो. निघालो ती भरल्यावर. पोचलो तेव्हा ऑफिसात जेवणाची सुट्टी संपत आली होती.

खिडकीतले बाबू भले होते. म्हणाले, "कोर्स बदलला की फी परत मिळते, थोडी कापून. पण असे सात-आठ अर्ज जमले की मग फाईल प्राचार्यांकडे जाते. एका अर्जासाठी फाईल वर जात नाही."

मला वाटले, आता काका भांडतील. काका मान डोलावत होते, कीर्तनात डोलवावी तशी.

"बरोबर हाय साहेब. भरल्याशिवाय हालाचंच नाई."

"काका!" मला रडूच आले. "पाच वाजता माझी जागा जाईल ना!"

"रडू नको माय. गाडी भरत नसन तं सवाऱ्या आनाव्या लागते."

ते तडक फाटकाशी गेले आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू झाले, "कोर्स बदलनारे! चला कोर्स बदलनारे! फी वापस, फी वापस, आता सुटते!"

पहिल्यांदा सगळे हसले. मग एक मुलगी आली. फेरपरीक्षेत गुण वाढून तिला नर्सिंग मिळाले होते. मग पॉलिटेक्निकला निघालेले दोघे जुळे भाऊ आले. फी परत मिळते हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. काका एकेकाला दंडाला धरून ऑफिसातल्या बाकावर बसवत होते. "सरका, सरका. पिशवी मांडीवर घे रे." चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनाही त्यांनी ओढून आणले.

"अहो, मी इथं शिकवतो," ते म्हणाले.

"मंग कोपऱ्यात सरका सर, पोरी येऊन राह्यल्या."

तिघांच्या बाकावर सातजण आणि एक प्राध्यापक बसले. बाबूंनी अर्ज गोळा केले. "झालं काका, फाईल भरली."

काकांनी बाकाभोवती एक फेरी मारली. "अजून एक पाय मावते."

बाबूंनी हात जोडले आणि फाईल घेऊन जवळजवळ पळतच प्राचार्यांकडे गेले.

दाखला हातात पडला, फी खात्यावर आल्याचा मेसेज मोबाईलवर वाजला, तेव्हा चार वाजत आले होते. पुढे रिसोडचा रस्ता. मी पुढच्या सीटवर बसले आणि धीर करून विचारले, "काका, आता गाडी भराची?"

काकांनी गाडी सुरू केली. नाक्यावर माणसे हात करत होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर थांबले असते. मागच्या सगळ्या सीटा मोकळ्या ठेवून देवमनकाकांची जीप धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पाचच्या आत माझा प्रवेश झाला.

परतताना रिसोडच्या जीपवाल्यांनी बाहेरच्या गाडीला सवारी घेऊ दिली नाही. त्यांची रांग, त्यांचा नंबर. गाडी रिकामीच निघाली. पत्रा, पायरी, सीटखालचा जॅक, सगळे खडखडत होते. काका सारखे आरशातून मागच्या रिकाम्या सीटांकडे बघत होते.

थोडे पुढे आल्यावर म्हणाले, "बाई, तू जराशी मांगं बसतं काय?"

"काहून काका?"

"काही नाई. मांगून कोनी बोललं का बरं वाटते." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "घरीबी असंच वाजते."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी मागे जाऊन बसले. मग पदर सावरल्यासारखे करून म्हातारीच्या आवाजात ओरडले, "देवमन, अरे काहून थांबला? निंघ ना बाप्पा!" पलीकडच्या सीटवर सरकून जाड आवाज काढला, "हो ना वो काका, उशीर होऊन राह्यला!" मग लहान पोराचे रडणेही काढले.

गाडी मोकळ्या रस्त्यावर भरधाव होती. काकांनी आरशात मागे पाहिले आणि जोरात ओरडले,

"थांब ना माय! भरू तं दे!"