गोजराबाईंचा तंबोरा पुसला गेला त्याची हकीकत

श्रीनादब्रह्मास वंदन. ज्यास कान आहेत त्याणे परिसावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पंचमीचे दिवशी राज्यात जुन्या तबकड्यांची खरखर काढणारा कारखाना उभा राहिला आणि त्यावर शार्ङ्गधरराव कारखानीस नेमिले गेले. त्यांणी हुकूम काढिला की गाणे साफ होताच मूळ तबकडी मोडून टाकावी, कोठीत जागा नाही. मग पहिली तबकडी निघाली ती कैलासवासी सुंदराक्कांच्या भीमपलासाची, आणि ओळख पटविण्यास त्यांच्या शिष्या गोजराबाई, वय वर्षे सत्त्याऐंशी, दरबारी बोलाविल्या. साफ केलेले गाणे लागले, आवाज ऐसा निर्मळ की सभा डोलली, आणि कारखानीस बोलिले, "काय आजी, खरखर गेली ना?"

"गेली. तिच्याबरोबर मीही गेले."

"ते कसे?"

"अक्कांच्या मागे तंबोरा माझा होता. सोळा वर्षांची होते मी. तुमच्या यंत्राने तोही पुसला."

"तो एकसारखा गुणगुणाट होय? यंत्रास वाटले, दोष आहे. पण सुंदराक्कांचा गळा कसा लख्ख आला!"

"तांदूळ निवडताना खडे टाकावे, बाबा. तुम्ही आधणच ओतून दिलेत. अक्का षड्जावर येत आणि तंबोऱ्यात विरून जात, गाणे कोठे संपले ते कळत नसे. आता तेथे कापल्यासारखे होते."

सभेत कोणी हासले, कोणी घड्याळ पाहिले. मग बाईंनी पदर पसरून मूळ तबकडी मागितली, आणि कारखानीस बोलिले, "सरकारी माल आहे, आजी. मोडता येतो, देता येत नाही." तेव्हा बाई बोलिल्या, "मग एकवार लावा तरी." लाविली. तीन मिनिटे बाईंची बोटे मांडीवर तारा छेडीत होती. मग तबकडी मोडिली.

पुढे कारखानिसांस मानाची शाल मिळाली. सुंदराक्कांचे नाव घरोघरी जाहले आणि ते गाणे नभोवाणीवर नित्य चार वाजता लागू लागले. गोजराबाई दार लावून घेत, तंबोरा सुरात मिळवीत आणि गाण्याखाली धरीत. माघात त्या वारल्या. गाणे चार वाजता लागते. येणेप्रमाणे वर्तमान जाहले.