चार दुकानांचे चार टायर

टायर निवडणं आणि वांगी निवडणं यात काडीचा फरक नाही, असं गंगाधरपंतांनी चाळीच्या गॅलरीत उभं राहून जाहीर केलं. खाली खोताच्या वाडीच्या तोंडाशी त्यांची मोटार उभी होती. लाल, बिनटपाची, दोन माणसांची, दबा धरून बसलेल्या बेडकासारखी. विलायतेला परत जाताना साहेबाला तिच्यासाठी गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्याने ती आपल्या हेडक्लार्कला, म्हणजे पंतांना, देऊन टाकली होती. टायर तेवढे पार गुळगुळीत झाले होते.

आणि मोटार शुक्रवारी हवीच होती. पंतांची एकुलती एक मुलगी नलू परळच्या प्रसूतिगृहात बाळंत झाली होती आणि त्या दिवशी तिला घरी सोडणार होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी आणायला हवं. पण माहेरची आई, कांता, गेल्या श्रावणात गेली. विहीणबाई राधाबाईंनी स्पष्टच सांगितलं, "घरात बाईमाणूस नाही, तिथे बाळंतीण राहायची कशी? आम्ही तिला दादरलाच नेतो."

"मी मोटारीतून आणतो," पंत म्हणाले. "जरा कुठे कमी पडलं तर खुशाल दादरला न्या."

ऑपेरा हाउसजवळच्या टायरवाल्या सोराबशेटने सांगून पाहिलं, "पंत, गाडी शर्यतीची आहे. चारही एकाच जातीचे घ्या, नाहीतर ती तुमचं ऐकणार नाही."

दुकानदार हेच सांगणार, पंत मनात म्हणाले. कांता भाजी गल्लीत कधी एका टोपलीतली वांगी घेत नसे. चार टोपल्या, प्रत्येकीतलं एकेक उत्तम. सगळं एकीकडून घेतलं की त्यात एक किडकं सरकवतातच, हा तिचा सिद्धान्त. पंतांनी त्याबरहुकूम चार दुकानं पालथी घातली. पुढे डावीकडे सोराबशेटकडचा भारी फ्रेंच टायर, उजवीकडे लष्करी लिलावातला, नांगरटीसारख्या खाचांचा. मागे एक इंग्रजी आणि एक खास शर्यतीचा, ज्याच्यावर नक्षी जवळजवळ नव्हतीच. चौघेही आपापल्या जागी उत्तम होते.

शुक्रवारी निघाल्यावर कळलं, की रस्ता सरळ असला तरी गाडी डावीकडे जाते. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे दाबत, एक खांदा वर करून पंत कसेबसे परळला पोचले.

"अण्णा, मान अवघडली का?" नलूने विचारलं.

"छे. ऐटीत बसलोय."

नलू बाळाला घेऊन शेजारी बसली. तिसरी जागा नव्हती, म्हणून राधाबाई व्हिक्टोरियात. लालबाग येईपर्यंत ती व्हिक्टोरिया दोनदा पुढे जाऊन यांच्यासाठी थांबली होती. दुसऱ्यांदा तर घोड्यानेही मान वळवून पाहिलं.

पुढच्या वळणावर नळ फुटून रस्ता ओला झाला होता. पंतांनी चाक वळवलं. पुढचे टायर निमूट वळले, मागच्यांना ते पटलं नाही. गाडीने सावकाश अर्धी गिरकी घेतली आणि केळ्यांच्या हातगाडीला अलगद टेकून, तोंड पुन्हा परळकडे करून ती उभी राहिली. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

समोरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा येत होता. सगळ्यात पुढे झेंडा घेतलेला कोंडीराम, गिरणीतला उंच कामगार.

"काका, मोर्चाच्या उलट कुठे निघालात?"

"गिरगावला."

"मग तोंड परळला का?"

पंतांनी सगळं सांगितलं. कोंडीरामने गाडीभोवती फेरी मारली, एकेक टायर पाहिला. "अहो, हे तर द्विभाषिक राज्य झालं. पुढच्यांची भाषा मागच्यांना कळत नाही. चालणार कसं?"

मोर्चा खदखदून हसला. एवढ्यात राधाबाई धापा टाकत आल्या. "उतर, नलू. दादरला चल."

नलूने अण्णांकडे पाहिलं. पंत तिच्या बाजूचं दार उघडायला लागले. शब्द त्यांनीच दिला होता.

"बाळंतीण उतरायची नाही," कोंडीराम म्हणाला. "आम्ही चौपाटीच्या सभेलाच चाललोय. हिचं माहेर वाटेतच आहे, आई."

आठदहा जणांनी मायलेकरासकट गाडी उचलली, फिरवली आणि ढकलायला लागले. ती डावीकडे जाऊ नये म्हणून दोघे त्या बाजूने रेटत होते. पहिल्याच घोषणेला बाळ दचकलं. तेव्हापासून गाडीच्या आसपासची माणसं 'झालाच पाहिजे' कुजबुजत म्हणू लागली. मागच्यांना वाटलं, पुढे पोलिस आहेत.

चाळीच्या दारात शेजारच्या चंपाबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. वर खोलीत खाट, शेगडी, डिंकाचे लाडू, मालिशवाली, सगळं चाळीतल्या बायकांनी तयार ठेवलेलं. पंतांनी कोणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त टायर आणले होते. मोर्चेवाल्यांचे आभार मानायला ते गॅलरीत धावले, तोवर मोर्चा वळणाआड गेला होता. त्यांनी त्याच दिशेला हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

राधाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. कमी काही सापडेना. "मीही चार दिवस राहते म्हणते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी चंपाबाईंनी पंतांच्या पानात भरली वांगी वाढली. सगळी एकाच टोपलीतली, एकसारखी शिजलेली. कांताच्या भाजीत एक वांगं कच्चं, एक बेताचं आणि दोन गाळ असायची. ती तशी का, हे पंतांना आज कळलं. सांगणार कोणाला? सांगितलं असतं तरी कांता म्हणाली असती, मुकाट्याने गिळा.

"कशी झालीत?" चंपाबाईंनी विचारलं.

"उत्तम." पंतांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "एखादं कच्चं नाही का हो?"

चंपाबाई राधाबाईंच्या कानाशी लागल्या. "गाडी फिरली ना, तेव्हा डोक्याला लागलेलं दिसतंय."