अजून एक वर्ष मुरू दे

लिओन्सिओ येत्या रविवारी मुलाकडे न्यूयॉर्कला कायमचा जाणार हे पक्कं झालं, आणि त्याच दिवशी एवारिस्तोने कपाटातून देवदाराची पेटी खाली उतरवली. पेटीत दोनच सिगारी होत्या. पंधरा वर्षांपूर्वी दोघे तांबोरीलच्या एकाच सिगार कारखान्यात कामाला असताना तंबाखूच्या एका अफलातून पिकाची पानं हाती लागली होती. लिओन्सिओने ती निवडली, एवारिस्तोने वळली, आणि दोघांनी शब्द दिला की नीट मुरल्यावर एकत्र बसून ओढायच्या, एकट्याने नाही.

मुरणं म्हणजे काय, हे आमच्या गावात पोरासोरांनाही कळतं. ताजी वळलेली सिगार जिभेला चावते. तिला लाकडाच्या पेटीत, ना कोरडी ना ओली अशा हवेत निजू द्यावं लागतं. सहा महिने पुरतात, वर्ष मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण एवारिस्तो पडला चाळीस वर्षं सिगारी वळलेला कारागीर. दर जत्रेला दोघे पेटी उघडत. एवारिस्तो सिगार कानाशी धरी, अंगठ्याने हलकेच दाबी, हुंगे आणि डोळे मिटून घेई.

"अजून एक वर्ष मुरू दे."

"अरे, सिगार आहे की नवरी?" लिओन्सिओ पहिली काही वर्षं फार चिडे. "आपण दोघं मातीत मुरू, मग ओढणार कोण? पाद्रीबाबा?"

"घाई असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातली घे. पंचवीस पेसोला मिळते."

लिओन्सिओ तणतणत घरी जाई. एवारिस्तो त्याच्या मुलाचा धर्मपिता होता. त्या नात्याने दोघे एकमेकांना 'कंपाद्रे' म्हणत, आणि आमच्याकडे कंपाद्रेशी अबोला धरणं म्हणजे देवाशी धरण्यासारखंच. पुढे लिओन्सिओची बायको कासिल्दा वारली, आणि त्यानंतर मात्र तो चिडेनासा झाला. एवारिस्तो डोळे मिटून हुंगत असताना तो नुसता खाली बघत बसे. माणूस वयाने शहाणा झाला, असं एवारिस्तोला वाटलं.

आता मात्र वर्ष उरलं नव्हतं. लिओन्सिओ चौऱ्याहत्तरचा, छाती अधू, आणि तिकीट फक्त जायचं. शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्यांत बसून सिगारी ओढायच्या असं ठरलं.

एवारिस्तोने बुधवारी सिगारी दाबून पाहिल्या. उत्तम होत्या. इथेच तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण लिओन्सिओच्या मुलाने मागे न्यूयॉर्कहून हवेतला ओलावा दाखवणारी एक तबकडी भेट पाठवली होती, ती त्याला आठवली. एवढ्या मोठ्या दिवसाआधी खात्री केलेली बरी, म्हणून त्याने ती खोक्यातून काढून पेटीत ठेवली.

काटा अठ्ठेचाळीसवर होता. हवा होता अडुसष्ट ते सत्तरच्या मध्ये.

"लुदोविना! मेलो! सिगारी वाळल्या!"

बायको हातात पीठ घेऊन धावत आली. तिने एक सिगार बोटांनी चाचपली. "कुठे वाळल्यात? मऊ तर आहे की. तुझा अंगठा काय म्हणतो?"

"अंगठा एकाहत्तर वर्षांचा आहे. यंत्र अमेरिकेचं आहे."

"मग अमेरिकेलाच वळायला सांगायच्या होत्यास," असं म्हणून लुदोविना आत गेली.

एवारिस्तोने ओला स्पंज पेटीत ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर काटा अठ्ठेचाळीसवरच. त्याने दुसरा स्पंज ठेवला. गुरुवारी सकाळी बटाट्याच्या ओल्या फोडी ठेवल्या. काटा ढिम्म. दुपारी त्याने पेटी न्हाणीघरात नेऊन झाकण उघडं ठेवलं आणि दोन पातेली पाणी उकळून वाफ केली. लुदोविनाला आंघोळीची मनाई झाली.

"मी न नाहताच निरोप देऊ का रे त्याला?"

"शनिवारी नाहा. आधी सिगारी."

"पंधरा वर्षं हेच ऐकतेय," ती म्हणाली. "आणि त्या पेटीत काय आहे ते तुला तरी धड ठाऊक आहे का?"

हे वाक्य तिच्या तोंडून निसटलं होतं. पण एवारिस्तोचं लक्ष काट्यावर होतं, त्यामुळे ते वाफेबरोबर खिडकीतून निघून गेलं.

शुक्रवारी सकाळी काटा अठ्ठेचाळीसवरच पाहून त्याचा धीर सुटला. पेटी मांडीवर घेऊन तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला होता. लुदोविनाला त्याची दया आली. तिने चष्मा लावला आणि तबकडी उलटी केली. मागे एक प्लास्टिकची बारीक जीभ बाहेर आलेली होती आणि तिच्यावर स्पॅनिशमध्ये, इंग्रजीत आणि चित्र काढूनही लिहिलं होतं: वापरण्यापूर्वी ही ओढून काढा.

तिने ओढली. काटा धडपडत निघाला आणि ब्याण्णववर जाऊन थांबला.

दोघांनी पेटीत पाहिलं. सिगारी पाण्यात पडलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या. बाहेरचं पान दोन-तीन जागी उकललं होतं, आणि एका टोकाला पांढरी लव दिसत होती.

आता सुरू झाला उलटा प्रवास. ओलावा शोषून घ्यायला तांदूळ चांगला, म्हणून एवारिस्तोने घरातला होता नव्हता तेवढा तांदूळ पातेल्यात ओतला आणि त्यावर फडक्यात गुंडाळून सिगारी ठेवल्या. वर पंखा लावला, तर वीज गेली. मग तो स्वतः पुठ्ठ्याने वारा घालत बसला. तांदळाला तंबाखूचा वास लागला आणि सिगारींना तांदळाचा. पान आणखी फाटलं. भिजलेलं घाईने वाळवू नये, हे याच माणसाने कारखान्यात शेकडो नवशिक्यांना शिकवलं होतं. म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे पाषाण ओला होता एवढाच फरक.

शनिवारी लिओन्सिओ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जेवायला आला. ताटात डुकराचं मांस होतं, घेवड्याची उसळ होती, उकडलेली कच्ची केळी होती. भात नव्हता. आमच्याकडे दुपारच्या जेवणात भात नसला की घरात कोणीतरी गेलंय असं समजतात.

"कंपाद्रे," लिओन्सिओने हळूच विचारलं, "काय झालंय?"

एवारिस्तोने उठून पेटी आणली आणि त्याच्यापुढे उघडली.

लिओन्सिओने वाकून आत पाहिलं.

"मी मारल्या," एवारिस्तो म्हणाला. "पंधरा वर्षं सांभाळल्या आणि दोन दिवसांत मारल्या. तू दरवर्षी म्हणायचास ओढू या. मीच नडलो. मला माफ कर."

लिओन्सिओने एक फुगलेली सिगार उचलली, टोक कापलं आणि काडी ओढली. सिगारीने चुर्र केलं आणि विझली. दुसरी तर पेटायलाच तयार नव्हती. चौथ्या काडीनंतर त्याने दोन्ही ताटलीत ठेवल्या.

"कंपाद्रे, रडू नकोस. यातली एक तशीही कोपऱ्यावरच्या दुकानातलीच आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"कासिल्दा गेली ना," लिओन्सिओ खाली बघत म्हणाला, "त्या दुपारी तू फुलं आणायला सांतियागोला गेला होतास. मी इथे आलो. घरात बसवेना. लुदोविनाला म्हटलं, माझ्या वाट्याची मला दे. तिने कपाटाची किल्ली दिली. मी परसात ओढली. तुला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या जागी पंचवीस पेसोवाली ठेवली."

"आठ वर्षं झाली कासिल्दाला."

"हो."

"म्हणजे आठ वर्षं मी—"

"आठ वर्षं तू तिला कानाशी धरून 'येतेय, येतेय, चव येतेय' म्हणत होतास," आतून लुदोविना म्हणाली. "दोन्हींपैकी कुठलीही उचललीस तरी."

एवारिस्तोने ताटलीतल्या दोन्ही सिगारींकडे पाहिलं. त्यातली खरी कोणती, हे त्याचा अंगठाही सांगू शकला नसता आणि अमेरिकाही. रागवावं असं त्याला वाटलं, पण राग येईना. त्याला फक्त वाईट वाटत होतं, आणि ते सिगारींचं नव्हतं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आपला मित्र परसात एकटा बसला होता आणि आपण तिथे नव्हतो, याचं होतं. त्याआधीच्या सगळ्या जत्रांना तर आपण शेजारीच बसलो होतो आणि तरी ओढू दिली नाही, याचं त्याहून जास्त होतं.

लुदोविना बाहेर आली. तिने पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि खिशातून दोन सिगारी काढून टेबलावर ठेवल्या. सकाळीच कोपऱ्यावरून आणल्या होत्या.

"ओढा आता," ती म्हणाली. "मी नाहून येते."

दोघे ओसरीवर जाऊन बसले. सिगारी कडवट होत्या, पण पेटल्या. रस्त्यापलीकडे डॉमिनोचा डाव चालू होता आणि सोंगट्या आपटण्याचा आवाज येत होता. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "लिओन्सिओ, शेवटचा एक डाव टाकतोस का? कान ओढत बस खुशाल!" हातात हवी ती सोंगटी नसताना ती असल्याचा आव आणायचा झाला की लिओन्सिओ कानाची पाळी ओढतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याने हसून नको म्हणून हात हलवला.

राख वाढत गेली.

"कशी होती?" शेवटी एवारिस्तोने विचारलं.

"कोण?"

"तीच. आपली."

लिओन्सिओने धूर सोडला आणि खुर्ची थांबवली. त्याचा हात सावकाश वर गेला आणि त्याने कानाची पाळी ओढली.

"खरं सांगू, कंपाद्रे? तुझंच बरोबर होतं. अजून एक वर्ष मुरायला हवी होती."

एवारिस्तोने तो हात पाहिला.

"सांगत होतो ना मी," तो म्हणाला. मग त्याने आपली खुर्ची ओढून लिओन्सिओच्या खुर्चीला लावली.