पाळण्याच्या कडीचे तात्या

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत दिवेलागण झाली की बायका देवापुढे निरांजन लावत आणि तात्या परब आपल्या खोलीच्या तुळईला लोंबकळत. थट्टा नाही करत. तुळईत पाळणा टांगायची कडी होती. तिच्यातून काथ्याचा जाड दोर खाली आला होता. हा पन्नाशीचा गिरणी कामगार कासोटा घट्ट खोचून, दोन्ही हातांनी दोर धरून, पाय जमिनीवरून उचलून गप्प लटकत असे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, शेजारी बसून तांदूळ निवडत. समोरच्या बिऱ्हाडात नवी सून आली तेव्हा हे पाहून तिने चाळ डोक्यावर घेतली होती. जुन्यांना सवय झाली होती.

तशी कडी प्रत्येक खोलीत होती. मूल मोठं झालं की पाळणा पुढच्या बाळंतिणीकडे जायचा आणि कडीला कोणी मच्छरदाणी बांधायचं, कोणी कंदील अडकवायचं. तात्यांनी त्याच दोराला कांबी बांधून पोरांसाठी शिडी केली होती. भिंतीला पोटमाळ्यापर्यंत कळकाच्या आडव्या कांबी ठोकल्या होत्या, माळ्यावरून खाटेपर्यंत घसरायला फळी लावली होती, आणि खाली घरातल्या असतील नसतील त्या गोधड्या. काकींना स्वयंपाकापुरता एक कोपरा तेवढा उरला होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. पोरांना रस्त्यावर सोडायची सोय नव्हती. तात्या पहिली पाळी करून घरी आले की सगळी वानरसेना त्यांच्या खोलीत. पोरं वर चढून मुठी वळत आणि "झालाच पाहिजे" म्हणून ओरडत. तात्या स्वतः पक्के चळवळीचे, पण खालून शांतपणे म्हणत, "संयुक्त महाराष्ट्र होतलो तेव्हा होतलो. तू आदी खाली उतर."

चढण्याचं त्यांना कौतुक नव्हतंच. "चढूक सगळ्यांका येता. उतरान दाखय," असं ते ज्याला त्याला ऐकवत. खडीसाखर मिळायची ती दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरच. पोर वर असेपर्यंत तात्यांची मान वर, हात पसरलेले, आणि एकच पालुपद: "मी आसंय खाली." मी म्हणायचे, ह्या माणसाला पोरं खेळवायची हौस आहे की पहारा द्यायची? माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

त्याच तोंडाने पुढे मला त्यांच्या दारात जावं लागलं. माझी शालू चौथं वर्ष लागलं तरी जिना उतरत नव्हती. सपाटीवरसुद्धा चवड्यांवर चालायची. पायाखाली काही खरखरीत आलं की किंचाळायची, आणि पायरी दिसली की माझ्या कमरेला मिठी. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत. सासूबाई म्हणाल्या, लाडावली आहे. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तात्यांच्या वरच्या मजल्यावर आमची खोली, आणि पोटातलं वाढेल तसं कडेवरचं पेलणार नव्हतं. हिला घेऊन मी खालीवर करायचं कसं, ह्या एका घोराने मी खंगत चालले होते.

तात्यांनी तिला शिडीकडे नेलंच नाही. सुपात तांदूळ ओतले आणि त्यात तिला उभी केली. मग काथ्याच्या पायपुसण्यावर, मग ओल्या मोरीत, मग पुन्हा तांदळात. शालूने आधी आकांत केला, मग नुसती मुसमुसली, आणि एक दिवस पायाच्या बोटांनी तांदूळ उकरायला लागली. त्या तांदळाचं पुढे काय करायचं, हे विचारणं काकींनी सोडून दिलं होतं. "वयनी, पायाक आदी जाग येवंक व्हयी," तात्या मला म्हणाले. त्यानंतर कुठे शिडीची खालची कांब, मग तिच्या वरची.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा कडीपर्यंत पोचली, नेमकी त्याच वेळी नाक्यावर धरपकड सुरू झाली. अश्रुधुराची नळकांडी फुटली, भराभर दारं लागली. आवाजाने शालू दचकली आणि दोराला चिकटून राहिली. उतरेना की रडेना. मी तात्यांकडे पाहिलं. ते खाली हात पसरून उभे होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. ओठ नुसते हलत होते. तिला धरा म्हणून मी ओरडले, तरी ते जागचे हलले नाहीत. त्यांना माझा आवाज ऐकूच येत नसावा.

काकी सूप ठेवून उठल्या. वर बघत अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "शालू, तात्या आसत खाली."

शालूने एक पाय सोडला. अंगठ्याने चाचपून खालची कांब शोधली, त्यावर टेकला, मग दुसरा सोडला. गोधडीवर पाय लागताच तिने खडीसाखरेसाठी हात पुढे केला. तात्यांनी अख्खा डबाच तिच्या हातात दिला, दार उघडलं आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. बाहेर धूर होता. त्यात डोळे पुसणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

तेव्हा काकींनी सांगितलं. ती कडी त्यांच्या मुलाच्या, वसंताच्या पाळण्याची. सुट्टीत गावी गेले असताना वसंता माडावर चढला, पार शेंड्यापर्यंत. खाली बाप टाळ्या वाजवत होता. उतरताना वसंताचा पाय सुटला.

"चढूक ह्यांनीच शिकवल्यानी," काकी म्हणाल्या. "उतरूक शिकवूचा ऱ्हवला."

आणि ते लटकणं? ज्या दोराने उद्या पोर वर जाणार, तो आज आपला भार घेतो की नाही, हे पाहिल्याशिवाय तात्यांना जेवण जात नसे. इतकी वर्षं मी त्याला हसत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शालू कठडा धरून जिना एकटी उतरली. मी मागून, हात लावायचा मोह आवरत. ती थेट तात्यांच्या खोलीत शिरली. तात्या दोराला लटकले होते, डोळे मिटून. शालू त्यांच्या खाली जाऊन उभी राहिली. मान वर केली, इवले हात पसरले.

"तात्या, उतर आता," ती म्हणाली. "मी आहे खाली."

तात्यांनी डोळे उघडले. जरा वेळाने त्यांचे पाय जमिनीला लागले. शालूने फ्रॉकच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि तात्या तो मुठीत धरून कितीतरी वेळ गोधडीवर बसून राहिले.