सबनीसांनी मला चालवलं

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट: हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी मला बाहेर चालायला कधीच बंदी केली नव्हती. ती बंदी मी सबनीसांसाठी तयार केली.

सबनीस नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात आमच्यापासून तीन घरं सोडून एकटे राहतात. आइंडहोव्हनला चिपची यंत्रं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि माणसंही ते त्याच नजरेने तपासतात. शिवाय डचांपेक्षा जास्त डच. मी हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा आपली बाकीची मंडळी कोरोनाच्या भीतीने दारात डबे ठेवून पळाली. सबनीसांकडून आलं कॅलेंडर इन्व्हाइट. 'चालणे. रोज सकाळी दहा. वीस मिनिटं. अजेंडा: रुग्ण बूट घालेल. रुग्ण तक्रार करेल. रुग्ण चालेल.'

हॉस्पिटलातले व्यायामाचे वर्ग बंद होते, म्हणून हा उपद्व्याप. चार दिवस मी गेलो. दीड मीटर मागून आवाज यायचा, "कुलकर्णी, वेग पडतोय. डेटा काय म्हणतो?" डेटा म्हणत होता, याला कालव्यात ढकल. पाचव्या दिवशी मी बंदीचा मेसेज पाठवला. डॉक्टरांशी फोनवर मीच बोलायचो, त्यामुळे बायकोलाही ते खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला फोन. "खिडकीशी या."

इथल्या खिडक्या भिंतीएवढ्या, त्यात आम्ही पडदेही लावलेले नाहीत. लपायला जागा एकच, संडास. बाहेर पावसात सबनीस, कानाला फोन.

"मी इथे चालतो, तुम्ही आत चाला. सोफ्याला वळसा घाला. अहो, पूर्ण वळसा. मला दिसतंय."

सहा आठवडे हा तमाशा चालला. समोरची डच आजी कॉफी घेऊन बघत बसायची. मी मनात शिव्या घालत सोफ्याभोवती फिरायचो. तब्येत सुधारत गेली, याचाही मला राग यायचा. शेवटी मीच बंदी उठवली.

"डॉक्टरांनी बाहेर चालायला परवानगी दिली. पावसातून सुटलात एकदाचे," मी फोनवर म्हटलं.

सबनीस फुटपाथवर थांबले. "नाशिकला माझ्या भावालाही अटॅक आला होता. मी रविवारी विचारायचो, चालतोस ना? तो म्हणायचा, हो, रोज. मी लगेच पुढचा विषय काढायचो. नंतर वहिनी म्हणाली, तो खुर्चीतून उठतसुद्धा नव्हता. गेला तेव्हा विमानं बंद होती. शेवटचं मोबाइलवर पाहिलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी "काळजी घ्या" म्हणालो आणि फोन ठेवला. भावाचं नावही विचारलं नाही.

ते नाव विचारणं आणि खरं काय ते सांगणं, एवढं सबनीसांचं देणं मी अजून लागतो.