मिलिंदचा हिरवा चौकोन

आरती ऐन रंगात आलेली असताना हातातल्या झांजा शेजारच्याच्या हातात कोंबून "हिरवं करून येतो" म्हणत उठणारा भक्त अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या अल्फारेटा गावात एकच, मिलिंद बारापात्रे. आणि दर मंगळवारी तो शेजारचा नेमका मीच असतो.

हिरवं म्हणजे काय? प्रोग्रामर लोक आपला कोड जगाला दाखवायला एका साइटवर ठेवतात. तिथे प्रोफाइलवर रोजचा एक चौकोन असतो. त्या दिवशी काही काम केलं तर हिरवा, नाहीतर करडा. मिलिंदचं शेत बारमाही हिरवं. काम काय, तर एका फाइलमध्ये आज रिकामी ओळ घालायची आणि उद्या तीच काढायची. या थोर संशोधनाचा जगाला उपयोग काय, असं विचारलं की म्हणायचा, "खाडा नाही पाहिजे न बे!"

गेल्या महिन्यात त्याची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की पाठोपाठ देशही सुटतो. दुसरी शोधायला दिवस मोजकेच. माझ्या ओळखीच्या रिक्रूटरबाईंनी त्याचं प्रोफाइल पाहिलं आणि कळवलं, रिकाम्या ओळी हलवणारा माणूस कोणीच घेणार नाही, आधी ते सुधारा.

मग शनिवारी मी त्याच्याकडे ठाण मांडून बसलो. मिलिंद अगदी गुणी बाळासारखा ऐकत होता. फोटोतला गॉगल काढला. 'कोडिंग हाच माझा श्वास' हे वाक्य आम्ही दोघांनी मिळून पुरलं. दोन बरे प्रोजेक्ट वर आणले.

"आता हे रिकाम्या ओळींचं दुकान डिलीट करू," मी म्हणालो.

"ते राहू दे."

"यार, तेच तर नडतंय तुला!"

मी बटणाकडे वळलो, तर त्यानं माझं मनगटच धरलं.

"डिलीट केलं तर मागचे सगळे चौकोन करडे होतील बे. बाबा पाहतात ते."

बाबा नागपूरला. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली. फोन लावला की बोलता येत नाही म्हणून नुसते रडतात. म्हणून आत्या रोज सकाळी टॅबवर हे पान उघडून त्यांच्यासमोर धरते. हिरवं दिसलं, म्हणजे पोराचं काम चालू आहे. मग ते चहा घेतात.

"नोकरीचं सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? मागे मी तापानं पडलो होतो, तेव्हा एक दिवस करडा राहिला. दिवसभर चहाला शिवले नाहीत."

थट्टा करायची सवय लागलेल्या माणसाची अशा वेळी मोठी पंचाईत होते. मी बटणावरचा हात काढला.

नोकरी अजून मिळालेली नाही. प्रत्येक इंटरव्ह्यूत त्या ओळींबद्दल विचारतात आणि हा गाढव खरं कारण न सांगता "सवय आहे" म्हणतो. मला राग येतो, रडूही येतं. पण हल्ली आरती लांबली की मीच त्याच्या हातातल्या झांजा काढून घेतो.

"मिल्या, नागपुरात उजाडलं असेल. जा."