करपलेल्या कुकीचा वारसा

मार्शमॅलो नावाचा साखरेचा लुसलुशीत पदार्थ ओव्हनमध्ये किती वेळ ठेवावा, याविषयी मी, मार्सेल, निवृत्त ग्रंथपाल, राहणार नंदाखाल, पूर्णपणे अनभिज्ञ होतो, हे आरंभीच नमूद करतो. माझी नात ॲनिशा रविवारी येणार होती. तिला चॉकलेट मार्शमॅलो कुकी हवी होती, तीही माझ्या हातची. तिच्या नऊ वर्षांच्या आयुष्यात तिने माझ्याकडे प्रथमच काही मागितले होते. एरवी मी तिला पुस्तके देतो आणि ती 'थँक्यू' म्हणते.

बुधवारी तालीम केली. मार्शमॅलो आधी फुगला, मग वितळला, मग ट्रेभर पसरून काळा पडला. बारा कुकीज कोयत्याने खरवडून काढाव्या लागल्या.

तेवढ्यात गावच्या परंपरा जतन समितीचे अध्यक्ष सिप्रियन सभेची नोटीस द्यायला आले. त्या कुकीजची बशी समोरच होती. आमच्याकडे आलेल्याला काही खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत आणि आलेला माणूस पुढ्यातल्याला नावे ठेवत नाही. सिप्रियननी चावा घेतला. बराच वेळ ते चावत राहिले. डोळ्यांत पाणी आले.

"मार्सेल, अरे, ही तर माझ्या आजीच्या हातची चव!"

त्यांच्या आजीच्या हातचे मी लहानपणी खाल्लेले आहे. त्यामुळे मला विरोध करता आला नाही.

शुक्रवारच्या सभेत कुकी 'लुप्त होत चाललेला पारंपरिक पदार्थ' म्हणून घोषित झाली. सचिव फ्लॉसी यांनी एकच शंका काढली.

"पण आजीच्या काळात मार्शमॅलो मिळायचा कुठं?"

"मिळत नव्हता ना! म्हणून तर पदार्थ लुप्त झाला," सिप्रियन म्हणाले.

शंकेचे निरसन झाल्याची नोंद झाली. मग कुकीचे निकष ठरले. रंग काळा असावा, पुढच्या दातांनी तुटू नये, आणि ट्रेमधून कोयत्यानेच काढावी. रविवारच्या खाद्यमेळ्यात स्टॉल लावायचा आणि कुकीज मी करायच्या.

मी उभा राहिलो. "खरं म्हणजे, त्या करपल्या होत्या..."

"बघा, किती नम्र माणूस!" सिप्रियन म्हणाले. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असताना उभे राहणे मला जमत नाही. मी बसलो.

रविवारपर्यंत मला माझी चूक कळली होती. कुकी आधी भाजायची, मार्शमॅलो शेवटच्या दोन मिनिटांपुरता ठेवायचा. ट्रे बाहेर आला तेव्हा कुकीज मऊ होत्या, मार्शमॅलो जेमतेम सोनेरी झाला होता. ॲनिशाने हात पुढे केला. तोच फ्लॉसी तपासणीला आल्या, मागोमाग सिप्रियन.

"मार्सेलकाका, हे मऊ आहे," फ्लॉसी म्हणाल्या.

"चांगलं झालंय."

"चांगलं झालंय ते दिसतंय हो. ठरावात कुठं बसतंय?"

"निदान एक तरी पोरीला..."

"आज एकीला मऊ दिलीस," सिप्रियन म्हणाले, "तर उद्या अख्खं गाव मऊ मागेल. मग परंपरेचं काय?"

मी चाळीस वर्षे ग्रंथालयात नियम सांभाळले आहेत. मला उत्तर सुचले, पण ते दुसऱ्या दिवशी. ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये गेला, पंचवीस मिनिटांसाठी. ॲनिशा काचेतून बघत राहिली.

मेळ्यात आगाशी-राजोडीहून माणसे आली, रांग लागली. पहिली कुकी नव्या पिढीची प्रतिनिधी म्हणून ॲनिशाला दिली. तिने चावली आणि गालावर हात ठेवला.

"आजोबा, तू पण खा ना."

"मला डायबेटिस आहे, बाळा."

तिने सिप्रियनकडे पाहिले. त्यांनाही होता. फ्लॉसींच्या दाताचे काम चालू होते. ॲनिशाने गालावरचा हात काढला. 'थँक्यू' म्हणाली आणि उरलेली कुकी खाऊन टाकली.

रांगेत तुम्हीही होतात. फोटो काढलात, 'आपली माती, आपली चव' असे लिहून सगळ्या ग्रुपवर टाकलात, दोन पाकिटे घेतलीत आणि मुलाच्या हातात एक कुकी ठेवून म्हणालात, "खा, आपलं आहे." त्याने अर्धी तुमच्यापुढे धरली तेव्हा तुम्हाला कोणता आजार झाला, एवढीच नोंद समितीच्या वहीत करायची राहिली आहे. कृपया कळवावे.